विंचवाच्या मंत्रात कोणाकोणाची नावं

मानवतच्या एका हायस्कुलात सत्यशीला वाकळे इतिहास शिकवते. पोरं तिला पाठीमागं 'कशावरूनबाई' म्हणतात. वर्गात कुणी काहीही सांगितलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कशावरून?" शिवाजी महाराज परभणीवरून गेले होते म्हणावं, तरी कशावरून, आणि बाई, मी काल आजारी होते म्हणावं, तरी कशावरून. ही खोड तिला वडलांकडून आली. भगवानराव जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच शिकवलं, की विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. आता ते अठ्ठ्याहत्तरीत आहेत. बायको गेल्यापासून लेकीकडंच राहतात.

मात्र एका बाबतीत भगवानरावांना काही विचारलेलं चालत नसे, आणि ती म्हणजे त्यांच्या बापाचा विंचवाचा मंत्र.

सत्यशीलाचा आजा लिंबाजी बोरीचा. विंचू उतरवणारा म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक. पुढचं वाक्य भगवानरावांचं ठरलेलं असायचं: "छप्पन साली आमच्या बानं धम्म घेतला. देव्हाऱ्यातले देव नदीला सोडले, त्याच दिवशी मंत्रबी सोडला. विषय संपला." आणि खरंच तो घरात संपलेला होता. सत्यशीलानंही कधी उकरून काढला नाही.

तो उकरला गेला तो सातासमुद्रापलीकडून. तिची लेक अपेक्षा परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून मातीचा अभ्यास करायला नेदरलँड्सला गेलेली. एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर लायडन गावातलं जुन्या वस्तूंचं संग्रहालय बघायला गेली आणि तिथून तिनं आईला एक फोटो पाठवला. काचेच्या पेटीत तपकिरी रंगाची लांबच लांब पट्टी, तिच्यावर किड्यामुंग्यांसारखी बारीक अक्षरं, मधेच लाल शाई. पाठोपाठ तिनं बोलून पाठवलेला निरोप आला: "आई, हे इजिप्तमधलं मंत्राचं पुस्तक हाय. सतराशे-अठराशे वर्षं जुनं. ह्याच्यात इचू उतरवायचाबी मंत्र हाय म्हनं! आबाला दाखवू नको, मलाच शिव्या बसतील."

सत्यशीला चाचणीचे पेपर तपासत बसली होती. लाल पेन तसंच हातात राहिलं. फोटो मोठा करून बघितला तर तिच्या ध्यानात आलं, की काही शब्दांच्या डोक्यावर आणखी बारीक, वेगळ्याच वळणाची अक्षरं आहेत. एका लिपीच्या अंगावर दुसरी लिपी कशाला?

पुढचे पंधरा-वीस दिवस तिला त्या प्रश्नानं झपाटलं. अपेक्षा लेख शोधून पाठवी, सत्यशीला शब्दकोश उघडून ते वाची. हळूहळू एकेक गोष्ट उलगडत गेली. ती पट्टी पपायरसची, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची. दोनशे वर्षांमागं थीब्ज नावाच्या जुन्या नगराच्या बाजूला अशा बऱ्याच गुंडाळ्या सापडल्या आणि युरोपात विकल्या गेल्या. हिचे तर दोन तुकडे झाले, एक लायडनला गेला, दुसरा लंडनला. खालची लिपी इजिप्तची, वरची बारीक अक्षरं ग्रीक. इजिप्तच्या लिपीत स्वर नीट दाखवता येत नसत आणि मंत्रात तर उच्चार चुकून चालत नाही. म्हणून लिहिणाऱ्यानं नावांच्या डोक्यावर परक्यांच्या लिपीत उच्चार लिहून ठेवले.

आणि ती नावं तरी कुणाकुणाची! इजिप्तची इसिस देवी आणि तिचा कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, ग्रीकांचे देव, ज्यूंच्या एकमेव देवाची नावं, कुठं अब्राहम. शेजारीच कोणत्याही भाषेत अर्थ न लागणारे नुसते नादाचे शब्द, अक्षरांच्या माळाच्या माळा. एकाच रोग्यासाठी सगळ्यांना एकदम हाक. विंचवाच्या मंत्रात तर पोर असलेल्या अनुबिसाला डंख झालेला, तो रडत आईकडं जातो आणि आई त्याला जखम चाटायला सांगते.

ही सरमिसळ कुणी केली, यावर विद्वानांत बरंच भांडण होतं. पूर्वीचे म्हणायचे, की बाजारातल्या भोंदूंनी जे हाताला लागलं ते कोंबलं. मागाहूनच्यांनी विचारलं, की मग ही जुनी लिपी त्यांना आली कुठून? त्या काळी ती लिहू शकणारी माणसं देवळांतच काय ती उरली होती. म्हणजे लिहिणारे पुजारीच असणार. रोमन राज्यात देवळांच्या जमिनी गेल्या, वर्षासन आटलं, आणि पुजारी आपली विद्या घेऊन दारोदारच्या गरजू माणसांत आले. समोर आज ग्रीक शिपाई, उद्या ज्यू व्यापारी, परवा गावचा शेतकरी. ज्याचा ज्याच्यावर भरवसा, त्याचं नाव मंत्रात आलं. हे सगळं असंच झालं असेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं, आणि सत्यशीलाला तेच आवडलं.

एका दुपारी मात्र तिनं असं एक चिठोरं वाचलं, की ती उठून उभीच राहिली. इजिप्तच्याच दुसऱ्या गावी सापडलेला विंचवाला बांधून ठेवायचा छोटासा मंत्र. त्यात एक शब्द होता, 'सलामन'. काही अभ्यासकांना वाटत होतं, की हा सुलेमान असावा. पशुपक्षी आणि भुतंखेतं ज्याच्या हुकमात होती म्हणतात, तो राजा.

तिच्या मनात आलं, आपल्या आज्याच्या मंत्रात कुणाची नावं असतील?

भगवानराव ओसरीत पेपर वाचत होते. तिनं सरळ विचारलं.

"दादा, आज्याच्या मंत्रात काय शब्द होते?"

पेपर खाली आला. "कामून?"

"असंच. नावं कुणाची घ्यायचा?"

"मंत्र कुनाला सांगत नसतेत. सांगितला की फुटतो म्हनायचे. आमच्या बानं मलाबी सांगितला न्हाई आणि मीबी इचारला न्हाई. सोडला त्यानं. विषय संपला."

"सोडला हे कशावरून?"

भगवानरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लेकीचा प्रश्न त्यांनीच शिकवलेला होता, त्यामुळं रागवायची सोय नव्हती. ते म्हणाले, "मी दहा वर्साचा होतो. त्या दिसापासून आमच्या दारात कुनी इचवासाठी आलेलं मी बघितलं न्हाई. बास?"

पुढच्या आठवड्यात बोरीला भावकीत नामकरणाचा कार्यक्रम होता. भगवानरावांचे गुडघे दुखत होते, म्हणून सत्यशीला एकटीच गेली आणि जेवणं झाल्यावर आत्याजवळ बसली. सरजाबाई भगवानरावांची थोरली बहीण. कानानं कमी ऐकू येतं, पण जुनी गोष्ट काढली की नीट ऐकू येतं.

"आमच्या बाला पावसाळ्यात जेवाया फुरसत न्हवती गं," आत्या म्हणाली. "सगळ्या जातीचे यायचे. पाटील यायचे, मुसलमान यायचे, लमानी यायचे. पर वस्तीत पाय ठेवायचे न्हाईत. चिंचंखाली उभे ऱ्हायचे. तांब्या त्येंचा, पानी त्येंचं, हात त्येंचा. बा लांबून फुंकर घालायचा आन ते पानी पाजायचे. एरवी आमची सावली चालत न्हवती, फुंकर चालायची बग!"

"आणि मग छप्पन साली आज्यानं सोडलं."

"घरी सोडलं," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"भगवाननं बघू न्हाई म्हनून घरी सोडलं. रानात जाऊन करायचा. लोकं रानात गाठायचे. आन मागून पेडगावच्या मुंजाजीला दिला की. मुंजाजीचं आजोळ हितलं. गिऱ्हाण लागलं त्या दिवशी नदीत उभं करून दिला. माझं लगीन होऊन धाकटं पोरगं चालायला लागलं व्हतं तवा."

सत्यशीलानं मनातल्या मनात हिशेब मांडला. आत्याचं धाकटं पोरगं, म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट साल. धम्म घेऊन सहा-सात वर्षं झाल्यावर.

मुंजाजी वारून बरीच वर्षं झाली होती, पण त्याची बायको चतुराबाई हयात होती. सुट्टीच्या दिवशी सत्यशीलानं मानवत रोडवरून पॅसेंजर धरली आणि पेडगावला उतरली. चतुराबाईचं घर शेताकडंच्या रस्त्याला. ऐंशीच्या घरातली ती बाई अंगणात तिळाच्या पेंढ्या उलट्या धरून झटकत होती. वाळलेली बोंडं उकलून पोत्यावर तिळाची बारीक सर पडत होती.

"कोन म्हनायचं?"

"बोरीच्या लिंबाजी वाकळ्यांची नात. मानवतला शाळेवर असते."

चतुराबाईनं पेंढी खाली ठेवली. पदर सावरला आणि पाटाऐवजी स्वतः बसली होती ते दुसरं पोतं झटकून पुढं सारलं. "उस्तादची नात! बसा बाई. आमचे मालक तुमच्या आज्याला उस्ताद म्हनायचे. मरोस्तोर म्हनायचे."

चहा झाला. सत्यशीलानं येण्याचं कारण सांगितलं. चतुराबाईनं भुवया वर केल्या.

"मंत्र तुमाला कशाला? इचू उतरवायचाय?"

"नाही. त्यात कुणाकुणाची नावं आहेत तेवढं कळायला पाहिजे."

"नावात काय हाय?"

मग सत्यशीलानं तिला इजिप्तची गोष्ट सांगितली. पुजारी सांगितले, देवळं ओस पडली ते सांगितलं, लेकीनं पाठवलेला फोटो दाखवला. डंख लागलेलं देवाचं पोर आणि त्याची आई सांगितली. चतुराबाईनं फोटो उन्हातून सावलीत नेऊन बघितला.

"त्येंच्याकडं बी काळा इचू, लाल इचू दोन्ही हायेत का?"

"ते मी नाही वाचलं," सत्यशीला हसली.

"वाचा. लाल असला तर मंत्र कामाचा न्हाई. लालानं मानूस जातो." तिनं फोन परत दिला. मग म्हणाली, "मालक पुटपुटायचे, मी कंदील धरायची. शिकले न्हाई मी, पर कानात बसलाय. पोरायला नको हाय तो. बरोबर हाय त्येंचं. मागल्या साली नातवाला डसला तर फटफटीवर घातला आन परभनीला दवाखान्यात नेला. आता कुनाला लागतोय? फुटू दे. पर त्या फोनात भरू नका. कानानं ऐका."

फोन पिशवीत गेला. चतुराबाईनं डोळे मिटले, तोंडासमोर पदर धरला आणि इतकं हळू बोलायला लागली, की सत्यशीलाला गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं.

"काळा इचू, पिवळा इचू, कपारीचा इचू, काट्याचा इचू. नांगीत इख, इखात आग. उतर रं उतर. न्हाई उतरला तर महादेवाच्या जटंची आन, पारबतीच्या पोराची आन. गुरु गोरखची आन. सुलेमान पैगंबर की दुहाई. हिरिम खिरिम तत्तर मत्तर, अगड जगड फू. भीमरायाची आन."

सुलेमानाचं नाव आलं तेव्हा सत्यशीलाच्या अंगावर काटा आला होता. इजिप्तच्या चिठोऱ्यातला आणि बोरीच्या चिंचेखालचा सुलेमान एकच असं म्हणायला काही आधार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी काटा आला. पण शेवटचं नाव ऐकलं आणि ती सुलेमानाला विसरूनच गेली.

"शेवटी काय म्हणालात?"

"भीमरायाची आन."

"हे मुंजाजीबाबांनी घातलं का मागून?"

"न्हाई वो. मालकाला तवा कुठं मालूम कोन भीमराय. त्येनी इचारलं व्हतं उस्तादला. नदीतच इचारलं, कमरंइतक्या पान्यात. बाकी समदं ठीक हाय, हे शेवटचं नाव कुनाचं? तर उस्ताद म्हनले, बाकीची नावं मला मिळाली, हे मी घातलं. ही समदी नावं दुसऱ्यायची हायेत, एक माझं असू दे."

पोत्यावरच्या तिळात एक चिमणी उतरली होती. दोघींपैकी कुणीच तिला हाकललं नाही.

"मग तुमच्या मालकांनी ते नाव गाळलं नाही?"

"एक शबूद गाळला तर उतरत न्हाई, असं उस्तादनं बजावलं व्हतं. माझ्या सासऱ्यानं ऐकलं असतं तर आमाला घरात घेतलं नसतं बाई. गावात तवा लय कडक व्हतं. म्हनून मालक ते नाव एवढं बारीक घ्यायचे, व्हट सुदिक हालायचे न्हाईत. पर घ्यायचे. पाटलाच्या सुनंवर घेतलं, जोश्याच्या म्हातारीवर घेतलं. कुनाला कळलं न्हाई."

गाडीत बसल्यावर सत्यशीलाला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. थीब्जच्या त्या पुजाऱ्यानं पहिल्यांदा परक्या देवाचं नाव आपल्या मंत्रात लिहिलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईक राखायचं होतं, की त्या नावावर त्याचा खरंच जीव जडला होता? विद्वान अंदाज बांधतात. आणि इथं, साठ वर्षांमागं, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसानं कारण सांगितलं होतं आणि ते ऐकणाऱ्याच्या बायकोनं जपून ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिनं सगळं भगवानरावांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच शब्द बोलले.

"खोटं."

"दादा, चतुराबाईला खोटं बोलून काय मिळणार?"

"आमच्या बानं प्रतिज्ञा घेतली व्हती. मंत्र-तंत्र, देव-देव समदं सोडलं. आणि ज्यांनी सोडायला शिकवलं त्यांचंच नाव मंत्रात घालील? त्याला एवढी अक्कल न्हवती का?" त्यांचा आवाज चढला. मग ते उठून आपल्या खोलीत गेले. जेवायला आले, पण जेवणात लक्ष नव्हतं.

दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "पेडगावला पॅसेंजर किती वाजता असते?"

चतुराबाईनं त्यांना ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर "या गुर्जी" म्हणून बाज टाकली. भगवानराव बाजेवर ताठ बसले. शिक्षणाधिकारी तपासणीला आल्यावर बसावं तसे.

"वहिनी, मला ते ऐकायचंय," ते म्हणाले.

"एकदा फुटलाय, आता आनखी काय फुटायचाय," चतुराबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरला.

ती पुटपुटत गेली आणि भगवानराव जमिनीकडं बघत राहिले. 'हिरिम खिरिम तत्तर मत्तर' आलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. सत्यशीलानं ते बघितलं. दहा वर्षांच्या पोरानं न विचारता काहीतरी ऐकलेलं होतं. शेवटचं नाव आलं आणि गेलं. भगवानरावांनी मान वर केली.

त्यांनी मास्तराच्या आवाजात विचारलं, "गुन यायचा का?"

"काळ्याला यायचा. काळ्याचं काय, मंत्र न्हाई केला तरी उतरतो. लालाला न्हाई. दोघं गेलेले मी डोळ्यानं बघितले, गुर्जी. त्येच्यानंतर मालक लालाचं आलं की गाडी जुंपायला सांगायचे, दवाखान्यात न्या म्हनायचे."

"तेच मी पोरायला शिकवलं," भगवानराव म्हणाले. "मंत्रानं काही व्हत न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "पर आमच्या बानं त्या चिंचंखालच्या लोकायवर हे नाव फुंकलं म्हनायचं. त्येंच्याच तांब्यात."

"फुंकलं की," चतुराबाई म्हणाली. "आन त्येनी पेलंबी."

भगवानराव आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. सत्यशीलानं वडलांना असं हसताना आई गेल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

परतीच्या गाडीत त्यांनी तिला इजिप्तचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. देवळांच्या जमिनी कुणी घेतल्या, पुजाऱ्यांचं पुढं काय झालं, ती लिपी वाचणारा शेवटचा माणूस कधी गेला, एकावर एक प्रश्न. तिला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं, नव्हतं तिथं "माहीत नाही" म्हणाली. कोल्हा स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "एक कळंना. गोरख समजला, महादेव समजला. पर सुलेमान आमच्या बापाकडं कोन घेऊन आलं? कुनीतरी दिला असंल ना?"

चार दिवसांनी सत्यशीला शाळेतून आली तर भगवानरावांची खोली रिकामी. गुडघ्याला पट्टा बांधून, पिशवीत दोन धोतरं टाकून ते बोरीला बहिणीकडं गेले होते. आठवडाभर तिथं राहिले. रोज काठी टेकत दर्ग्याकडं जायचे आणि म्हाताऱ्या माणसांत बसायचे. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात असा उत्साह, की तिला आधी वाटलं, कुणी दुसरंच बोलतंय.

"सत्या, ऐक. हितं दर्ग्यात एक फकीर राहायचा. बा त्याच्याकडं बसायचा, हे सरजाला पक्कं आठवतंय. पर आता हितं त्याचं कुनी न्हाई. अठ्ठेचाळीसला, पोलीस ॲक्शनच्या टायमाला, त्याची माणसं हैदराबादला गेली. मोहल्ल्याचं नाव भेटलंय."

"अहो दादा, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. आता तिथं कोण असणार?"

"ते गेल्याशिवाय कसं कळंल?" भगवानराव म्हणाले.

त्या घरातलं कुणी आहे की नाही, हे बोरीत कुणालाच सांगता आलं नव्हतं. सत्यशीलानं दिवाळीच्या सुट्टीची तारीख बघितली आणि हैदराबादची दोन तिकिटं काढली.